मुखावरचें तेज

प्रकृतीच्या तक्रारी सांगणें हा वृद्धांचा धर्म आणि त्या ऐकून घेणें हा तरुणांचा, असें माझे थोरले बंधु नेहमीं म्हणतात. यांपैकीं दुसरा धर्म आजकाल कोणी फारसा पाळीत नाहीं; म्हणून पहिल्याचें आचरणही बेतानेंच करावें, असें माझें मत आहे. तथापि आज मी माझ्या आजाराची हकीकत वाचकांपुढें मांडीत आहें, ती सहानुभूति मिळावी म्हणून नव्हे. या आजारांत शरीराचा दोष थोडा आणि माझ्या शहाणपणाचा दोष फार होता. शिवाय त्या शहाणपणाची किंमत माझ्याबरोबर दुसऱ्या एका व्यक्तीस द्यावी लागली. त्या व्यक्तीनें मला केव्हांच क्षमा केली आहे. परंतु क्षमा मिळाली म्हणजे कर्ज फिटलें, असें होत नाहीं. हा लेख त्या कर्जाचा एक लहानसा हप्ता समजावा.

मी जुन्या अकरावीचा मॅट्रिक. संस्कृत शिकलों तें वडिलांपाशीं, पाठशाळेच्या पद्धतीनें: आधीं रूपावलि, मग अमरकोश, मग लघुकौमुदी. धुळ्यास ३४ वर्षें शिक्षकाचा व्यवसाय करून २०१६ सालीं निवृत्त झालों. आमचें वडिलोपार्जित घर धुळ्यासच, पांझरेच्या काठापासून थोड्या अंतरावर आहे. तेथें माझे बंधु, वहिनी, पुतणे आणि त्यांचीं मुलेंबाळें राहतात. मी चिरंजीवाच्या नोकरीमुळें जळगांवीं मेहरूणच्या बाजूस येऊन राहिलों. चुली दोन झाल्या, तरी देव आम्हीं वांटून घेतले नाहींत. गणपति, गौरी, नवरात्र हें सर्व धुळ्यासच होतें. एरंडोल, पारोळा मागें टाकीत आम्ही त्या दिवसांत तिकडे जातों.

अशा घरांत संस्कृत येणाऱ्या माणसास नकळत एक अधिकार प्राप्त होतो. मुहूर्त त्याला विचारावा, मुलाचें नांव त्याला विचारावें, इतपत ठीक आहे. पण हळूहळू काढा कोणता घ्यावा, पथ्य काय करावें, हेंही त्यालाच विचारलें जाऊं लागतें. चरक व सुश्रुत हे संस्कृतांत लिहिते झाले आणि मला संस्कृत येतें, एवढ्यावरून मला वैद्यकही येतें, असा घरांतल्या मंडळींचा समज होता. वाईट एवढेंच कीं, तो समज माझाही होता.

२०२१ च्या पावसाळ्यापासून माझे गुडघे दुखूं लागले. मेहरूणच्या तलावाकडे सकाळीं फिरावयास जाणें बंद पडलें. डॉक्टरांनीं व्यायाम सांगितला, वजन कमी करावयास सांगितलें. हे दोन्ही उपाय बिनखर्चाचे असल्यामुळें मला त्यांची प्रतिष्ठा वाटली नाहीं. पुढें २०२२ च्या उन्हाळ्यांत एका यात्रेंत एक औषधविक्या भेटला. त्याच्यापाशीं सांधेदुखीवरील चूर्णाच्या पुड्या होत्या. पुडीवर घटकद्रव्यांची यादी नव्हती, करणाऱ्याचा पत्ता नव्हता, परवान्याचा क्रमांक नव्हता. मात्र औषधाची स्तुति करणारा एक श्लोक छापलेला होता. मीं चष्मा लावून तो श्लोक तपासला. अनुष्टुभ् छंद बरोबर होता, संधि बरोबर होते, एकही विभक्ति चुकलेली नव्हती! आजकाल लग्नपत्रिकांवरील श्लोकांची जी दुर्दशा दिसते, तिच्या मानानें तो श्लोक पाहून माझें अंतःकरण प्रसन्न झालें. व्याकरण शुद्ध आहे, त्याअर्थीं औषधही शुद्ध असलें पाहिजे, असें अनुमान करून मीं दोन महिन्यांच्या पुड्या घेतल्या. न्यायशास्त्रांत अशा अनुमानास हेत्वाभास म्हणतात. तें मला ठाऊक होतें. पण त्या दिवशीं आठवलें नाहीं.

चौथ्या दिवशीं माझे गुडघे दुखावयाचे थांबले. आठव्या दिवशीं मी तलावाची फेरी घालून आलों. भूक वाढली, झोंप कमी झाली तरी उत्साह वाटे. पुड्या संपत आल्या कीं त्या विक्यास दूरध्वनि करावा आणि त्यानें पार्सल पाठवावें, असा क्रम सुरू झाला. कांहीं महिन्यांत माझें तोंड भरलें, गाल वर आले, वर्ण लालसर दिसूं लागला. जो भेटे तो म्हणे, "गुरुजी, निवृत्ति मानवली तुम्हांस! मुखावर काय तेज आलें आहे!" मीही हें तेज गायत्रीच्या जपाचें समजत होतों. हातांवर जरासा धक्का लागतांच काळेनिळे डाग पडत. तें वयोमानानें होतें, अशी मीं स्वतःची समजूत घातली.

त्याच वर्षीं गौरींच्या दिवसांत धुळ्यास गेलों असतां वहिनी एका हातानें जोत्याला धरून पायऱ्या उतरतांना दिसल्या. त्यांना संधिवाताचा त्रास बरींच वर्षें आहे. मीं माझ्या पिशवींतल्या पुड्या त्यांच्यापुढें ठेवल्या. त्यांनीं पुडी उलटसुलट करून पाहिली आणि विचारलें, "यानें अपाय तर नाहीं ना होणार, भाऊजी?" मीं म्हणालों, "मुळींच नाहीं. वनस्पति आहेत. लागू पडलें तर पडेल, नाहीं तर अपाय कांहीं नाहीं." वहिनी या घरांत आल्या तेव्हां मी शाळकरी मुलगा होतों. माझ्या शब्दावर त्यांनीं दुसरा प्रश्न केला नाहीं.

२०२३ सालीं श्रावण अधिक आला. अधिक मासांत कांहीं तरी नियम करावा म्हणून एकभुक्त राहावयाचें आणि महिनाभर कोणतेंही औषध घ्यावयाचें नाहीं, असा संकल्प मीं १८ जुलैस सोडला. माझ्या समजुतीनें मी औषधाचा मोह टाकीत होतों. पहिले आठ दिवस गुडघे दुखले, इतकेंच. नंतर निराळाच प्रकार सुरू झाला. सकाळीं अंथरुणांतून उठवेना. उठलें कीं डोळ्यांपुढें अंधारी येई. अन्नाची वासना गेली. जांवईबापू धोंड्याच्या वाणास आले, सुनेनें अनारसे केले, तेव्हां पानावर बसलों खरा, पण वासानेंच मळमळूं लागलें. अधिक महिना संपला तरी थकवा ओसरेना. मीं चूर्णही पुन्हा सुरू केलें नाहीं, कारण एवढा नियम साधला तर तो चातुर्मासभर चालवावा, असा लोभ मला सुटला होता.

आमची सून मोठी दक्ष आहे. ती म्हणाली, "बाबा, थायरॉइड एकदा तपासून घ्या. माझ्या आईला असाच थकवा यायचा." रक्त तपासलें. टी.एस्.एच्. नांवाचा आंकडा ७.९ आला, प्रयोगशाळेची वरची मर्यादा ४.५ च्या आसपास होती. आमच्या डॉक्टरांनीं विचारलें, "दुसरें कांहीं औषध चालू आहे? मध्यंतरीं कांहीं चालू होतें?" मीं म्हणालों, "कांहीं नाहीं." चूर्णाची आठवण मला झाली नाहीं असें नाहीं, पण त्यांनीं सांगितलेला व्यायाम न करतां यात्रेंतली पुडी घेतली, हें सांगावयाची लाज वाटली. त्यांनीं थायरॉक्सिनची ५० मायक्रोग्रॅमची गोळी सकाळीं अनशापोटीं घ्यावयास दिली. जी माहिती त्यांच्यापुढें होती, तीवरून त्यांनीं केलें तें सयुक्तिकच होतें. जी माहिती नव्हती, ती मीं लपविली होती.

गोळी सुरू होऊन तीन आठवडे झाले, तरी मी सुधारण्याऐवजीं खंगतच चाललों. १९ सप्टेंबर २०२३ रोजीं गणेशचतुर्थी होती. धुळ्याच्या घरीं प्रतिष्ठापनेचा मान वडिलांच्या पश्चात् माझ्याकडे आहे. आदल्या रात्रीं दोन उलट्या झाल्या होत्या; तरी सोंवळें नेसून पाटावर बसलों. प्राणप्रतिष्ठेचे मंत्र म्हणतां म्हणतां माझी जीभ जड झाली, आणि पुढचें मला आठवत नाहीं. मंडळी सांगतात कीं, हातांतल्या दूर्वा मूर्तीच्या पायांवर पडल्या आणि मी पाटावरून कलंडलों.

दवाखान्यांत नेलें तेव्हां रक्तदाब ८० वर ५० होता. रक्तांतील सोडियम १३५ ते १४५ असावें, तें १२१ निघालें; साखर ५८. तेथील डॉक्टरबाई माझ्या मुलीच्या वयाच्या होत्या. त्यांनीं शिरेंतून सलाइन व साखर तर सुरू केलीच. पण माझ्या हातांवरचे डाग आणि भरलेलें तोंड पाहून, तपासणीसाठीं रक्त काढून घेतांच, हायड्रोकॉर्टिसोनचें १०० मिलिग्रॅमचें इंजेक्शनही दिलें. या आजारांत निदानाची वाट पाहत औषध अडवून ठेवावयाचें नसतें, असें त्यांनीं मागाहून सांगितलें. संध्याकाळपर्यंत मी बोलूं लागलों. मग त्यांनीं विचारलें, "गुरुजी, एखादी पुडी, काढा, सांधेदुखीचें औषध, कांहीं घेत होतां का?" खोटें बोलूं नये, असें ३४ वर्षें मुलांस शिकविलेल्या माणसानें उत्तर दिलें, "नाहीं."

त्यांनीं तोच प्रश्न निराळ्या शब्दांत पुन्हा विचारला. मीं पुन्हा नाहीं म्हटलें. त्या वेळीं वहिनी मऊ भाताचा डबा घेऊन आल्या होत्या. त्यांनीं डबा खालीं ठेवला, पिशवींतून एक पुडी काढली आणि ती डॉक्टरबाईंच्या हातांत दिली. "भाऊजी घ्यायचे तें चूर्ण हें," त्या म्हणाल्या, "मी पण घेतें. वर्ष झालें. त्यांनींच दिलें होतें." आवाजांत तक्रार नव्हती, एखाद्या मुलानें विसरलेली वही घरच्या माणसानें शाळेंत आणून द्यावी, तशा सहजपणें त्या बोलल्या. मीं भिंतीकडे तोंड केलें.

डॉक्टरबाईंनीं पुडी पाहिली, मग वहिनींच्या चेहऱ्याकडे पाहिलें. तोही गोल झाला होता. गेल्या वर्षभरांत आम्ही सर्व त्याला प्रकृति सुधारल्याचें लक्षण मानीत होतों. मला वाटलें, आतां त्या पुडी केराच्या टोपलींत टाकतील. पण त्या म्हणाल्या, "आजी, हें उद्यांपासून एकदम बंद करूं नका. बंद करायचेंच आहे, पण माझ्या सांगण्याप्रमाणें. नाहीं तर तुम्हींही उद्यां शेजारच्या खाटेवर असाल." त्यांनीं वहिनींना मोजलेल्या मात्रेची गोळी लिहून दिली आणि साखर तपासली. उपाशीपोटीं ती १८६ निघाली. वहिनींना पूर्वीं मधुमेह नव्हता.

पुढें ती पुडी एका प्रयोगशाळेकडे पाठविली. तींत डेक्सामेथासोन या स्टिरॉइडचा अंश सांपडला. वनस्पतीही होत्या, पण काम करीत होतें तें डेक्सामेथासोन.

आतां हा प्रकार मला समजला तसा सांगतों. मूत्रपिंडांस संस्कृतांत वृक्क म्हणतात. प्रत्येक वृक्काच्या डोक्यावर टोपीसारखी एक लहान ग्रंथि असते. तिचें अधिवृक्क हें नांव म्हणूनच अन्वर्थक आहे. इंग्रज डॉक्टर थॉमस ॲडिसन यांनीं १८५५ सालीं या ग्रंथींच्या विकाराचें वर्णन प्रसिद्ध केलें, तोंवर त्यांचें महत्त्व कोणास कळलें नव्हतें. तिकडे पूर्वीं आणि आपल्याकडे कालपरवापर्यंत क्षयरोग हें त्या विकाराचें एक मोठें कारण असे. ही ग्रंथि कॉर्टिसोल नांवाचा रस करते. आजारपण, उपवास, जखम, भीति, अशा प्रत्येक संकटांत रक्तदाब आणि साखर सांवरून धरण्याचें काम तो करतो. त्याचें प्रमाण पहाटे वाढूं लागून सकाळीं सर्वांत अधिक असतें आणि मध्यरात्रीच्या सुमारास सर्वांत कमी. म्हणून ही तपासणी सकाळीं आठच्या सुमारास करतात. आपल्या पोटांतली ही ग्रंथि ब्राह्ममुहूर्तावर उठते, हें ऐकून मला तशाही स्थितींत संतोष झाला.

या ग्रंथीवर मेंदूच्या तळाशीं असलेल्या पीयूष ग्रंथीचा हुकूम चालतो. रक्तांत रस कमी झाला कीं ती हुकूम सोडते. पुरेसा असला कीं गप्प बसते. बाहेरून स्टिरॉइड येत राहिलें म्हणजे ती महिनोन् महिने गप्प राहते, आणि हुकूम न मिळालेली अधिवृक्क ग्रंथि सुकत जाते. शिक्षकाच्या भाषेंत सांगावयाचें तर, एखाद्या मुलाचा गृहपाठ वर्षभर दुसऱ्यानेंच लिहून द्यावा आणि परीक्षेच्या दिवशीं त्या दुसऱ्यानें निघून जावें, तसें हें आहे. मुलगा मंद नसतो. त्याची संवय मोडलेली असते. माझ्या संकल्पानें मीं त्या लिहून देणाऱ्यास एका दिवसांत घरीं पाठविलें होतें.

थायरॉइडचा संबंध येथें येतो. या ग्रंथीस मराठींत अवटु म्हणतात. अमरकोशांत अवटु म्हणजे मानेचा मागचा भाग, आणि ही ग्रंथि तर गळ्याच्या पुढें. नांव देणाऱ्यानें मानेची बाजू बदलली, एवढें सोडलें तर शब्द चांगला आहे. अवटूचा रस शरीराचा सर्व व्यवहार जलद करतो आणि कॉर्टिसोलही अधिक लवकर खर्ची पडतें. कोठार भरलेलें असेल तर याची चिंता नाहीं. माझें कोठार रिकामें होतें आणि त्यांत आणखी एक खाणारें तोंड घातलें गेलें. म्हणून दोन्ही ग्रंथींची शंका असेल, तेथें आधीं अधिवृक्काची तपासणी व उपचार, मग थायरॉक्सिन, असा क्रम डॉक्टर पाळतात. दुसरेंही एक कळलें. कॉर्टिसोल कमी असतां टी.एस्.एच्. चा आंकडा थोडा वाढलेला दिसूं शकतो. म्हणजे माझ्या गळ्यांतली ग्रंथि बिचारी कदाचित् निर्दोष होती.

तें पडताळून पाहण्यांत पुढचे दिवस गेले. प्रकृति स्थिर झाल्यावर एक दिवस औषध थांबवून सकाळीं आठ वाजतां रक्त घेतलें. कॉर्टिसोल १.८ मायक्रोग्रॅम आलें. तीनच्या खालीं आलें तर कमतरता निश्चित समजतात. पीयूष ग्रंथीचा हुकूम, म्हणजे ए.सी.टी.एच्., तोही फार कमी निघाला. मग तोच हुकूम बाहेरून इंजेक्शननें देऊन तासाभरानें पुन्हा रक्त घेतलें. जागी ग्रंथि या वेळीं १८ च्या वर जाते. माझी ७ वर थांबली. गृहपाठाचा दृष्टांत खरा ठरला. हायड्रोकॉर्टिसोन सकाळीं उठतांच १० मिलिग्रॅम, दुपारीं ५ आणि सायंकाळच्या आंत ५, असें ठरलें. थायरॉक्सिन थांबविलें. आठ आठवड्यांनीं टी.एस्.एच्. ३.६ आलें, थायरॉइडविरोधी प्रतिपिंडेंही आढळलीं नाहींत, आणि ती गोळी मला पुन्हा लागली नाहीं.

यावरून कोणीही आपली थायरॉइडची गोळी परस्पर बंद करूं नये, अशी हात जोडून विनंति आहे. माझी विहीणबाई तीच गोळी वीस वर्षें घेत आहे आणि तिच्याच बळावर हिंडतीफिरती आहे. १८९१ सालीं जॉर्ज मरे या इंग्रज डॉक्टरांनीं मेंढीच्या ग्रंथीचा अर्क टोंचून मृतप्राय झालेल्या एका स्त्रीस उठविलें, आणि ती बाई त्यापुढें २८ वर्षें जगली. ज्यांची ग्रंथि खरोखरच थकली आहे, त्यांस ती गोळी अन्नासारखीच आहे. ती उपाशीपोटीं पाण्याबरोबर घ्यावी, चहा अर्ध्या तासानें घ्यावा, लोह आणि कॅल्शियम यांच्या गोळ्या चार तास दूर ठेवाव्या, एवढें पथ्य घरांतल्या स्त्रियांस माहीत असावें. उपवासाचें म्हणून सैंधवच बारा महिने वापरणाऱ्या घरांनीं हेंही ध्यानांत ठेवावें कीं, त्यांत वरून घातलेलें आयोडीन नसतें. हिमालयाच्या पायथ्याशीं कांगडा खोऱ्यांत डॉ. रामलिंगस्वामी यांनीं केलेल्या प्रयोगानें आयोडीनयुक्त मिठाचा गुण सिद्ध झाला आणि १९६२ सालीं राष्ट्रीय गलगंड नियंत्रण कार्यक्रम सुरू झाला. सुश्रुतानें गलगंडाचें निदान सांगितलें आहे. त्यावरचा इतका स्वस्त उपाय मात्र आपल्या पिढीच्या वांट्यास आला.

एक गोष्ट वाचून मी फार वेळ स्वस्थ बसलों होतों. एडवर्ड केंडॉल या अमेरिकन रसायनशास्त्रज्ञानें १९१४ सालच्या नाताळच्या दिवशीं थायरॉक्सिन शुद्ध रूपांत वेगळें केलें. पुढें त्यानेंच अधिवृक्क ग्रंथींतून कॉर्टिसोन मिळविलें, आणि १९४८ सालीं मेयो क्लिनिकमध्यें त्याचे सहकारी फिलिप हेंच यांनीं संधिवातानें खिळलेल्या एका स्त्रीस तें टोंचलें. थोड्याच दिवसांत ती चालूं लागली. १९५० सालचें नोबेल पारितोषिक केंडॉल, हेंच आणि राइखश्टाइन या तिघांस मिळालें. पण मोठ्या मात्रेंत तें देत राहिल्यास काय होतें, हेंही लवकरच दिसून आलें: तोंड गोल होणें, साखर वाढणें, हाडें ठिसूळ होणें. म्हणजे वहिनींना आणि मला जो चमत्कार दिसला, तो पाऊणशें वर्षांपूर्वींच जगास दिसला होता आणि त्याचा शापही जगास कळला होता. जाणत्याच्या हातीं तें औषध प्राण वांचवितें. मलाही त्यानेंच वांचविलें. दोष औषधाचा नव्हता. तें नांव लपवून दिलें गेलें, हा दोष.

धुळ्यास आमच्या ओळखीचे एक वृद्ध वैद्य आहेत. त्यांस हें कळलें तेव्हां ते संतापानें थरथरले. "आमच्या शास्त्राचा वेष घालून हे लोक फिरतात," ते म्हणाले, "आणि तुझ्यासारखे त्यांना नमस्कार करतात." अज्ञात औषधाविषयीं चरकाच्या सूत्रस्थानांत किती कडक इशारा आहे, तें त्यांनीं मला सांगण्याची गरज नव्हती. तो भाग मीं मुलांस शिकविला होता.

माझी ग्रंथि जागी व्हावयास पंधरा महिने लागले. त्या काळांत खिशांत एक कार्ड बाळगीत होतों: हा मनुष्य स्टिरॉइडवर अवलंबून आहे, बेशुद्ध आढळल्यास हायड्रोकॉर्टिसोन द्यावें. ताप आला तर मात्रा दुप्पट करावी, उलट्या होऊन गोळी पोटांत ठरली नाहीं तर इंजेक्शनसाठीं तडक दवाखाना गांठावा, एकादशी असो वा ग्रहण असो, गोळी चुकवूं नये, हें सर्व सुनेनें मोठ्या अक्षरांत लिहून देवघराच्या दारावर लावलें. सकाळचें कॉर्टिसोल २०२४ च्या फेब्रुवारींत ५.२ आलें, ऑगस्टांत ९.४, आणि डिसेंबरांत १३.८. त्या वेळीं इंजेक्शनची परीक्षा पुन्हा घेतली, आंकडा २०.१ वर गेला. ३४ वर्षें मुलांचे निकाल वाचून दाखविले, पण स्वतःच्या उत्तीर्णतेचा एवढा आनंद मॅट्रिकलाही झाला नव्हता. मुखावरचें तेज गेलें, गुडघे पूर्ववत् दुखतात. सांगितलेला व्यायाम आतां रोज करतों आणि काठी घेऊन तलावाची अर्धी फेरी घालतों.

अलीकडे थकलेल्या माणसांस "तुमच्या अधिवृक्क ग्रंथि थकल्या आहेत" असें सांगून निरनिराळे अर्क व कॅप्सूल विकणारेही निघाले आहेत. अशा थकव्यास रोग म्हणून वैद्यकशास्त्रांत मान्यता नाहीं. ग्रंथीची खरी कमतरता असते, ती तपासणीनें सिद्ध होते आणि तिला मोजलेलें औषध असतें. उरलेला थकवा झोंपेचा, रक्ताचा, मनाचा किंवा दुसऱ्या कशाचा आहे, तें डॉक्टरांस शोधूं द्यावें. आणि डॉक्टरांनीं काय काय घेतां, असें विचारलें म्हणजे पुडी, काढा, मलम, शेजाऱ्यानें दिलेली गोळी, सगळें सांगावें. तेथें लाज धरणें म्हणजे वकिलापाशीं आपलाच दस्तऐवज लपविण्यासारखें आहे.

वहिनींचें स्टिरॉइड अकरा महिन्यांत हळूहळू कमी करून बंद झालें. परंतु त्यांची साखर पूर्ववत् झाली नाहीं. त्यांना दोन वेळां गोळी घ्यावी लागते. हाडेंही विरळ झालीं आहेत. कदाचित् मधुमेह पुढें झालाच असता, असें डॉक्टरबाई माझें समाधान करण्यासाठीं म्हणाल्या, असेलही. मीं एकदा वहिनींच्या पायांवर डोकें ठेवून क्षमा मागितली, तेव्हां त्या म्हणाल्या, "उठा भाऊजी, गुडघे दुखतील." नंतर त्यांनीं तो विषय कधींच काढला नाहीं. गौरीच्या जेवणांत पुरणपोळी त्या सर्वांना वाढतात आणि स्वतः अर्धीच घेतात. ती अर्धी पोळी मला दरवर्षीं दिसते.

गेल्या खेपेस धुळ्यास गेलों असतां पुतण्यानें कसली तरी शक्तिवर्धक पूड आणली होती. डब्यावर सुरेख चित्र होतें. वहिनींनीं डबा माझ्यापुढें केला आणि संवयीनें विचारलें, "यानें अपाय तर नाहीं ना, भाऊजी?" मीं डबा हातांत घेतला. चष्मा लावून घटकद्रव्यें वाचलीं, परवान्याचा क्रमांक वाचला, आणि डबा परत त्यांच्या हातांत दिला.

"मला ठाऊक नाहीं, वहिनी," मीं म्हणालों. "डॉक्टरबाईंना विचारूं."